मुलीचे शिक्षण थांबू नये म्हणून

(गोंदिया जिल्ह्यातील प्राध्यापक, अधिकारी व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि धानाच्या या मुलखात उच्च शिक्षणाचे दार उघडले. आज सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील शेतकऱ्यांच्या मुलीही महाविद्यालयात येतात. त्यांपैकी एखादी अर्ध्यावरच घरी परतली, तर घरची परिस्थिती हेच कारण आपण गृहीत धरतो. परंतु कधी कधी खरे कारण असते एसटी थांब्यावरचा पाठलाग, किंवा मोबाईलवर फिरविलेले छायाचित्र. ती मात्र बोलत नाही. कारण सांगितले तर आपलेच शिक्षण बंद होईल, ही तिला धास्ती असते.

अशा वर्तनास आपण ‘थट्टा’ किंवा ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतो. आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे, ३ फेब्रुवारी २०२० रोजी महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेस पाठलाग करणाऱ्याने भर रस्त्यात पेटविले. सात दिवसांनी तिचा मृत्यू झाला. २०२२ साली आरोपीस जन्मठेप झाली. गेलेला जीव परत आला नाही.

कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने नकार दर्शविल्यावरही वारंवार संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. कलम ७७ सांगते की, खासगी छायाचित्र काढण्यास संमती दिली म्हणजे ते इतरांना पाठविण्यासही दिली, असे होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असावी आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास तीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावेत. तक्रार तीन महिन्यांत करावयाची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयास हवी. पीडित मुलगा असला तरी त्यास दाद मागता येते. तथापि, समिती केवळ फलकावर असून भागणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीस तिच्या सदस्यांची नावे तोंडपाठ हवीत.

पंचायत सदस्यांना एकच विनंती. असे प्रकरण गावात आले की पैसे देऊन ‘मिटवू’ नका. विनियमांनुसार समेट केवळ पीडितेच्या इच्छेनेच होऊ शकतो, आणि तोही पैशांच्या मोबदल्यात नाही. तिला ११२ क्रमांक सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, हेही सांगा.

आणि तिच्या वडिलांना समजवा की, घरी बसवायचे ते मुलीला नव्हे. जाब विचारायचा तो त्रास देणाऱ्यास. मुलगी उद्याही वर्गात हजर असली, तरच आपण तिला न्याय दिला असे म्हणता येईल.