ज्ञानदान आणि शिक्षकाचे मानधन
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने आपण मानतो. ज्ञानदानासाठी आपण खोली दिली, बाके दिली, वह्या वाटल्या. परंतु खोली शिकवीत नाही, शिकवितो तो शिक्षक. गरीब वस्तीतील मुलांच्या सायंकालीन अभ्यासवर्गाचे काम माझ्याकडे असताना हे मला उशिरा उमगले.

प्रारंभी आम्ही बी.एड. झालेल्यांसाठी जाहिरात दिली. जे आले, ते कायम नोकरी मिळताच गेले. शाळेतील शिक्षकांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ अन्वये खासगी शिकवणीस मनाई आहे, म्हणून ती वाट धरली नाही. अखेर त्याच वस्तीतील बारावी उत्तीर्ण मुलगी पुढे आली. तिला प्रत्येकाचे घर ठाऊक होते. मूल आले नाही, तर ती स्वतः जाऊन घेऊन येई.

तिचे मानधन मात्र आम्ही तीन-तीन महिने थकविले. कधी सही राहिली, कधी सभा. दुकानातील गुमास्त्याचा पगार मी एक दिवसही चुकविला नाही. तिचे काम ‘सेवा’ म्हणून गृहीत धरले. तिने दुसरीकडे नोकरी पत्करली. मुले दाराशी येऊन कुलूप पाहून परतली. हा दोष सर्वस्वी माझा आहे.

‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबविला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट स्थानिक तरुणीकडे सोपविला. तिला आरंभी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. २००१ ते २००३ या काळात झालेल्या पाहणीत मुलांच्या गुणांत वाढ दिसून आली. तो उपक्रम शाळेच्या वेळेतला होता. परंतु त्याचा बोध आपल्यालाही लागू आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. शिक्षिका वस्तीतूनच निवडावी. समाजातील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊन तिला घडवावे. आणि सुवर्णमहोत्सवी निधीतील काही रक्कम मुदत ठेवीत ठेवून, तिच्या व्याजातून दरमहा एक तारखेला मानधन द्यावे. दात्यांच्या नावाच्या फरशा पुष्कळ बसविल्या. आता एक हजेरीपट अखंड चालवू या.

जय जिनेंद्र!