भागीदारी की गिऱ्हाइकी?

सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रामुळे विमानांची घरघर आम्हां बेळगावकरांना परकी नाही. नव्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी भारताने २००७ मध्ये रशियाशी करार केला. २०१० मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी २९.५ कोटी डॉलर देऊ केले. परंतु खर्च, कामाची वाटणी व तंत्रविद्येचा हक्क यांवर मतभेद झाले आणि २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. ओझरला मिग व सुखोई विमाने परवान्यावर बनली. परवान्याने हात तयार होतो. आराखड्याची विद्या तेवढ्याने येत नाही. पैसा द्यावा अन् विद्या मागू नये, ही भागीदारी नव्हे, गिऱ्हाइकी होय! शब्दाला वजन नसलेल्या भागीदाराची व्यथा आम्ही बेळगाव-निपाणीकर १९५६ पासून जाणतो. म्हणून आमचे सरकारला सांगणे एवढेच: आधी हक्क लिहून घ्या, मगच थैली सोडा.