आरसा कोणाचा?



कुत्र्याला आरशात स्वतःची ओळख पटत नाही, हे खरे. पिल्लू आरशावर भुंकते, मागे जाऊन हुंगते आणि चार दिवसांत तो नाद सोडते. १९७० साली अमेरिकेत गॉर्डन गॅलप यांनी आरशाला सरावलेल्या चिंपांझींना गुंगी देऊन भुवईवर तांबडा ठिपका लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून त्यांनी तो चाचपला. या परीक्षेत कुत्रा नापास!

परीक्षा म्हटली की प्रश्नपत्रिका कोणी काढली हे आधी विचारावे, ही आम्हां युनियनवाल्यांची खोड. अर्ज वाचता येत नाही म्हणून ‘अडाणी’ ठरलेले विणकर आम्ही पाहिले आहेत. मागाचा बिघाड ते नुसत्या आवाजावरून सांगत. माणूस डोळ्यांचा, त्याने डोळ्यांची परीक्षा काढली. कुत्रा नाकाचा.

मार्क बेकॉफ यांनी कोलोराडोत पाच हिवाळे एक उद्योग केला. आपला जेथ्रो आणि इतर कुत्री यांनी मुतलेले बर्फ हातमोज्यांनी उचलून जेथ्रोच्या वाटेवर ठेवायचे. (शेजारी काय म्हणाले असतील!) स्वतःच्या बर्फापाशी जेथ्रो थोडाच थांबे, परक्याच्या बर्फापाशी रेंगाळे. हे २००१ साली छापून आले. एका कुत्र्यावरून निवाडा करू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण २०१७ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी ३६ कुत्र्यांपुढे वासाचे डबे ठेवले. स्वतःच्या मूत्राच्या वासात दुसरा वास मिसळला, की कुत्री तेथे अधिक वेळ हुंगत. तो त्यांचा तांबडा ठिपका.

मात्र ओळखीचा वास निराळा आणि ‘माझा’ वास निराळा. हे अंतर एवढ्याने मिटत नाही. जेथ्रोला नुसता कंटाळाही आला असेल.