आधी कारण, मग झडती



हिंदी सिनेमातला एक प्रसंग आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिला आहे. इन्स्पेक्टर दारात उभा. घरमालक रेशमी गाऊनमध्ये, तोंडात पाइप. तो शांतपणे विचारतो, "सर्च वॉरंट आहे?" इन्स्पेक्टर दात-ओठ खातो आणि जीपकडे वळतो. कायद्याविषयीचा जेवढा गैरसमज या एका प्रसंगाने पसरवला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पसरवला असेल. कारण भारतात वॉरंट नाही म्हणून पोलिसांना दारातून परत जावंच लागतं, असं नाही. अमेरिकेत घरात शिरायला वॉरंट हा नियम आणि तातडी हा अपवाद. तो अपवाद लागू होता, हे पोलिसांनी कोर्टात पटवून द्यायचं. आपल्याकडे कायद्याने बिनवॉरंट घरात शिरण्याचे अधिकार पोलिसांना चांगले सढळ हाताने दिले आहेत. मात्र त्यातल्या झडतीच्या अधिकाराला एक अट जोडली आहे: घाई कसली आहे ते आधी लिहा. आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः या अटीबद्दल.

सुरुवात अशा प्रसंगापासून करू, जिथे लिहीत बसायला वेळच नसतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एकटे राहणारे आजी-आजोबा आता मजल्यागणिक आहेत. दोन दिवसांची वर्तमानपत्रं दारात पडलेली, दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली. बेल वाजवून उत्तर नाही, फोन लावला तर तो आत वाजतो आहे आणि कोणी उचलत नाही. शेजारी 112 फिरवतात. बीट मार्शल येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, कोणी चावीवाल्याला शोधायला पळतं, नाहीतर अग्निशमन दलाचे जवान कटावणीने लॅच तोडतात. इथे वॉरंट मागणार कोणाविरुद्ध?

गंमत अशी की, जीव वाचवण्यासाठी दार तोडा, असं एका वाक्यात सांगणारं कलम आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सापडत नाही. आधार शोधावा लागतो तो भारतीय न्याय संहितेत. तिच्या कलम 19 प्रमाणे मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता, सद्भावनेने लहान हानी केली तर तो गुन्हा होत नाही. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलं आहे: मोठी आग लागली आहे आणि ती पसरू नये म्हणून कोणी मधली घरं पाडतो. 1860 सालच्या दंड संहितेत हेच कलम 81 होतं, तेव्हापासून हे उदाहरण तसंच चालत आलं आहे. जिथे घर पाडायलासुद्धा माफी आहे, तिथे लॅचचं काय घेऊन बसलात! शिवाय कलम 30 आहेच. बेशुद्ध माणसाची परवानगी घेता येत नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं.

पण वाचवायला आत शिरणं वेगळं आणि झडती घेणं वेगळं. आजोबा न्हाणीघरात घसरून पडलेले सापडले, 108 ची ॲम्ब्युलन्स आली, त्यांना दवाखान्यात नेलं, की दार तोडण्याचं कारण संपलं. त्या कारणाच्या आडोशाने गोदरेजचं कपाट उघडता येत नाही. दुर्दैवाने माणूस गेलेला असेल, तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, आणि पोलीस तिथे असण्याला कायद्याचा वेगळा आधार मिळतो. आत आलेल्या पोलिसाला प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न एकच: आत्ता, या क्षणी, कशासाठी?

आता जरा अवघड प्रसंग घ्या. रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावरून मारहाणीचा आवाज येतो, बाईची किंकाळी ऐकू येते. पोलीस येतात. नवरा दार किलकिलं करून म्हणतो, "आमचा घरगुती मामला आहे, तुम्ही जा." वर सिनेमातला प्रश्नही विचारतो. इथे त्याचा काही उपयोग नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168 सांगतं की, दखलपात्र गुन्हा होत असेल तर पोलिसाने मध्ये पडावं आणि आपल्याकडून होईल तेवढं करून तो थांबवावा. हा नुसता अधिकार नाही, कर्तव्य आहे. कर्तव्य टाळून निघून जाणाऱ्या पोलिसाची मला जास्त भीती वाटते, हेही इथेच सांगून टाकतो.

आणि ज्याला अटक करायची तो आत दडला असेल, तर कलम 44 येतं. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 47 होतं. अटक करण्याचा अधिकार असलेल्या पोलिसाला तो माणूस आत आहे असं सकारण वाटलं, तर घरात राहणाऱ्याने त्याला आत येऊ द्यायचं असतं. नाही येऊ दिलं, आणि वॉरंट आणेपर्यंत तो माणूस पसार होईल अशी स्थिती असेल, तर दार किंवा खिडकी तोडता येते. पण आधी पोलिसाने आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत ते सांगायचं, दार उघडा म्हणायचं. तरीही उघडलं नाही, तरच लाथ.

आधी कारण सांगण्याची ही पायरी फार जुनी आहे. 1604 साली लंडनमध्ये सेमेन नावाच्या सावकाराचा खटला चालला. देणेकरी मेला होता, त्याचा माल घरात होता आणि घरात राहणाऱ्या दुसऱ्याने शेरीफच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. सेमेन हरला. खाजगी देण्यासाठी शेरीफला दार फोडता येत नाही, आणि राजाच्या कामासाठी आला असला तरी आधी कारण सांगून दार उघडायला सांगावं, असं त्या निकालात आलं. आज विदर्भातल्या एखाद्या गावात फरारी आरोपीच्या मेहुण्याचं दार ठोठावणारा हवालदार "पोलीस! दार उघडा!" असं ओरडतो, तेव्हा तो नकळत त्या निकालाचं पालन करत असतो. कलम 44 मध्ये आणखी एक जुनी चाल टिकून आहे. रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणारी बाई त्या खोलीत असेल, आणि अटक तिलाच करायची नसेल, तर तिला बाहेर निघून जायला सवड द्यावी लागते.

आता वळू मुख्य गोष्टीकडे, म्हणजे वस्तूसाठीच्या झडतीकडे. चोरीचा माल, हत्यार, खोटे शिक्के, कागदपत्रं. ठाण्याच्या रोजच्या तपासात झडती बहुधा कलम 185 खाली होते. जुन्या मंडळींना हे 165 म्हणून माहीत असेल. कलम म्हणतं: तपासाला लागणारी वस्तू अमुक जागी आहे असं मानायला सबळ कारण हवं, आणि दुसऱ्या मार्गाने ती विनाविलंब मिळणार नाही असंही तपास अधिकाऱ्याचं मत हवं. मग त्याने ती कारणं केस डायरीत लिहायची. कोणती वस्तू शोधायची तेही शक्य तितकं लिहायचं, आणि मग निघायचं. स्वतः जाता येत नसेल, तर हाताखालच्या अधिकाऱ्याला लेखी हुकूम द्यायचा. या लिखाणाची प्रत तातडीने, जास्तीत जास्त 48 तासांत, मॅजिस्ट्रेटकडे पोचली पाहिजे. 48 तासांची ही मुदत नव्या संहितेने, म्हणजे 1 जुलै 2024 पासून घातली. त्याआधी नुसतं "तातडीने" होतं, आणि आपल्याकडे तातडीने म्हणजे केव्हा, ते मी आपल्याला सांगायला नको.

हे लिखाण कसं असतं? "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्याने." हे वाक्य पोलीस कागदांत इतकं रुळलं आहे की ते वाचून काहीच कळत नाही. त्यापेक्षा समजा असं लिहिलं: चोरीची मोटारसायकल संशयिताच्या घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे, साक्षीदाराने ती दुपारी पाहिली, संशयित आज रात्री ती परगावी हलवणार आहे, कोर्ट उद्या उघडेल. चार ओळी, पण त्या अधिकाऱ्याचे हात बांधतात. ज्याने मोटारसायकल लिहिली, तो देवघरातला डबा उपसू लागला तर त्याला कारण विचारता येतं. आणि माल सापडल्यावर मागाहून कारण रचण्याची सोय राहत नाही.

या ओळींचं वजन किती, ते सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच दाखवून दिलं. राजस्थानातलं तंबाखूच्या अबकारी कराचं प्रकरण होतं. झडतीला आलेल्या अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवलेली नव्हती. घरमालकाने अडवलं, आणि त्याच्यावरच खटला भरला गेला. कारणं लिहिणं हा झडतीतला महत्त्वाचा भाग आहे, तो गाळला तर झडतीच बेकायदा, असं न्यायालयाने म्हटलं, आणि तो माणूस सुटला. पण श्रोतेहो, हे ऐकून कोणी दारातल्या पोलिसाला ढकलायला जाऊ नका. डायरीत काय लिहिलं आहे ते त्या वेळी आपल्याला दिसत नाही, आणि कामात अडथळा आणल्याचा गुन्हा मात्र लगेच दाखल होतो.

अमली पदार्थांच्या कायद्यात घाईला आणखी मोकळीक आहे. तिथल्या कलम 42 प्रमाणे अधिकार दिलेला अधिकारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बिनवॉरंट शिरू शकतो, पण मिळालेली माहिती लिहून ठेवावी लागते. रात्री शिरायचं, तर वॉरंटसाठी थांबल्यास माल लपवला जाईल किंवा आरोपी पळेल, हेही आधी लिहायचं. 72 तासांत प्रत वरिष्ठांकडे जायला हवी. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की, खरीच धावपळ असेल तर लिखाणाला थोडा उशीर चालेल, पण ते अजिबातच न करणं चालणार नाही. उगाच संशयावरून घरात घुसणाऱ्या अधिकाऱ्याला याच कायद्याच्या कलम 58 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम पुस्तकात आहे, हे माहीत असलेलं बरं.

घाई नसताना घरात शिरलं की काय होतं, ते खरक सिंग खटल्यात दिसतं. उत्तर प्रदेशातला माणूस. 1941 साली दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. तरी त्याचं नाव पाळतीच्या यादीत राहिलं. रात्री चौकीदार आणि शिपाई यायचे, दार ठोकायचे, ओरडून त्याला उठवायचे, घरात शिरायचे. ना गुन्हा, ना पाठलाग, ना आग. डिसेंबर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण बहुमताने असंही म्हटलं की, खाजगीपण हा काही मूलभूत हक्क नव्हे. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं. ते मत खरं ठरायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क मान्य केला.

आता कडू भाग. झडती बेकायदा ठरली, तरी तिच्यात सापडलेला पुरावा कोर्ट केवळ तेवढ्यासाठी बाहेर फेकत नाही. प्राप्तिकराच्या पूरन मल प्रकरणापासून, म्हणजे 1973 पासून, आपला कायदा साधारण असाच चालत आला आहे. म्हणजे नियम मोडणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागतेच असं नाही. माझ्या मते आपल्या झडतीच्या कायद्यातलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. नव्या संहितेने झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. ते चित्रीकरण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. ते प्रामाणिकपणे झालं, तर हे भगदाड थोडं बुजेल.

दुसरा दोष मात्र आपला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 प्रमाणे झडतीला त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. पोलीस सोसायटीत पंच शोधू लागले की दारांच्या भिंगांतून डोळे दिसतात, दार कोणी उघडत नाही. कोर्टाच्या चकरा कोण घालणार? मग पोलीस आपल्या ओळखीचे नेहमीचे पंच घेऊन येतात, आणि आपण म्हणतो, पंच पोलिसांचेच होते. लेखी बोलावणं आल्यावर योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे. पण ते राहू द्या. शेजाऱ्याच्या घरात काय उचललं आणि काय ठेवलं, हे पाहायला तिथला एखादा शेजारीच असावा, एवढं तरी आपल्याला वाटायला हवं.

तेव्हा तुमच्या दारात पोलीस आलेच, तर सिनेमातला प्रश्न सोडा. नाव आणि ठाणं विचारा, काय शोधताय ते विचारा, चित्रीकरण चालू आहे का ते पाहा. झडतीच्या वेळी घरातल्या माणसाला हजर राहू द्यावंच लागतं, तेव्हा हजर राहा. जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सह्यांची प्रत तिथेच मिळाली पाहिजे, ती घेतल्याशिवाय त्यांना सोडू नका. आणि दोन दिवसांनी, राग ओसरल्यावर, कोर्टात अर्ज करा. झडतीची जी कारणं मॅजिस्ट्रेटकडे गेली, त्यांची नक्कल घरमालकाला किंवा घरात राहणाऱ्याला फुकट मिळते. पण अर्ज केला तरच.