सणांचं सामान माळ्यावर ठेवताना

त्रिपुरी पौर्णिमा सरली, की कोकणातल्या जामसंड्यात आकाशकंदील उतरतात. गणेश चतुर्थीचं मखर आणि गणपतीवर टांगायच्या माटवीची लाकडी चौकट यांच्यासोबत तेही माळ्यावर जातात. पण इथली हवा खारी, दमट. म्हणून आधी लाकूड उन्हात, कागद-कापड सावलीत वाळवा.

आंब्याचे रिकामे खोके हाताशी असतात खरे, पण पुठ्ठा ओल धरतो, वाळवीही लागते. घट्ट झाकणाचा डबा किंवा पत्र्याची पेटी बरी. दिव्यांचं तोरण फळीवर गुंडाळा, सेल काढून ठेवा. जड पेट्या तुळईवर, हलक्या मधे. प्रत्येकीवर सणाचं नाव लिहा. चतुर्थीची पेटी जिन्याजवळच असू द्या. पावसाआधी कौलं चाळताना गळक्या जागेखालचं सामान हलवायला विसरू नका.