मातृस्मरण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ‘आई आणि आजी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल त्यांचे आभार मानून आरंभ करतो. आम्ही काही विद्वान वक्ते नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर खेड्यातील प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढीच आमची पुंजी. परंतु या विषयास विद्वत्तेपेक्षा आठवण अधिक लागते, आणि त्या आठवणीसंबंधीच एक सूचना आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

स्मरणिकेतील श्रद्धांजलीची पाने आपण सर्वजण वाचतो. प्रत्येक मातेच्या छायाचित्राखाली ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘सोशिक’, ‘धर्मपरायण’ ही विशेषणे असतात. ती खोटी आहेत असे कोण म्हणेल? पण छायाचित्रांची अदलाबदल केली तरी मजकूर बदलावा लागत नाही, हे पाहून मनास खेद होतो. ज्या माउलीने साठ-सत्तर वर्षे घर सांभाळले, तिचे असे काहीच नव्हते काय, की जे दुसऱ्या कोणाचे नव्हते? होते, निश्चित होते. मात्र ते लिहिले जात नाही. आणि तिला पाहिलेली माणसे गेली की तेही त्यांच्याबरोबर जाते.

आमच्या मातोश्रींचेच उदाहरण घेऊ. खानदेशातील एका लहान गावी, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी त्या नांदावयास आल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पण घरच्या दोन म्हशींच्या रतिबाचा सारा हिशेब त्यांच्याकडे असे. चुलीमागच्या भिंतीवर प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ. अर्ध्या लिटरास कोळशाचे टिंब, लिटरास रेघ, आणि पैसे हाती आले की त्यावरून गेरूचे बोट. दिवाळीस सारे घर पोतारून निघे, पण हिशेब मिटेपर्यंत तेवढ्या भिंतीस कोणी हात लावीत नसे. एकदा एका गृहस्थाने वही आणून वाद घातला. वहीची बेरीज पुन्हा करून पाहिली, तेव्हा भिंतच खरी ठरली! १९७२ च्या दुष्काळात म्हशी विकाव्या लागल्या. मातोश्री खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जाऊ लागल्या, आणि हजेरीच्या दिवसागणिक सुतळीस एक गाठ मारू लागल्या. मजुरी घेताना ती सुतळी हातात असे.

आजी या नात्याने मात्र त्या अगदी निराळ्या होत्या. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या घालताना ओल्या पिठाचा पहिला गोळा नातवंडांच्या हाती पडे. आमच्या लहानपणी त्याच गोळ्यास हात लावला तर पाठीत रट्टा बसत असे. याबद्दल आम्ही तक्रार केली की त्या म्हणत, “तू मुद्दल, हे व्याज. व्याज कोनाले गोड लागत नाही?”

त्यांनी साठी ओलांडल्यानंतर आमच्या थोरल्या मुलीने त्यांना पाटीवर सही शिकविण्याचे मनावर घेतले. ती म्हणाली, “आजी, तुझे नाव लिहू.” मातोश्रींनी विचारले, “कोनतं? माहेरचं का सासरचं?” लग्नात तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्या दिवशी पहिले नाव मागे राहिले होते. सात-बाऱ्यावर, शिधापत्रिकेवर, मतदारयादीत कोठेही ते नव्हते. नातीने ते पाटीवर लिहून दिले आणि आजीने पन्नास वर्षांनी ते गिरविले. आता ते आमच्या घरच्या वंशावळीत त्यांच्या सासरच्या नावाशेजारी लिहिलेले आहे.

बंधुभगिनींनो, येथेच आमच्या सूचनेचे मूळ आहे. आपल्या मंडळाने मोठ्या परिश्रमाने कुळांच्या वंशावळी छापल्या. त्यांत सात-सात पिढ्यांचे पुरुष आहेत. स्त्री एकही नाही. जणू आपल्या कुळांत मुलगे आपोआपच जन्मास आले!

वंशावळ ही पुरुषांचीच असावयाची, अशी रीतच आहे, असे कोणी वडीलधारे म्हणतील. त्यांना आम्ही नम्रपणे नाशिकच्या पांडवलेण्यांची आठवण देऊ. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी, या दोघांच्याही नावात माता आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री हिचा लेख कोरलेला आहे. पुत्र निवर्तल्यावर, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने ते लेणे भिक्षूंस दान दिले. त्या लेखात ती आपणांस महाराजाची माता व महाराजाची पितामही म्हणवून घेते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याच महाराष्ट्रात एका आईचे आणि आजीचे नाव दगडावर कोरले गेले. तेव्हा रीत म्हणावयाची तर तीही आपलीच रीत आहे.

राजघराण्याची गोष्ट वेगळी, असे वाटत असेल तर शेतकऱ्याच्या घरची सांगतो. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले, तिशीत वैधव्य आले. त्यांस अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरोटावर दळताना त्या गाणी रचीत. आपल्याकडे जात्यास घरोट म्हणतात, हे येथील आजीबाईंना सांगावयास नकोच. घरच्या मंडळींनी त्यांतील काही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी यांनी ते टिपण आचार्य अत्रे यांस दाखविले, आणि १९५२ साली ती गाणी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. विचार करा, घरात ती टिपणारी माणसे नसती तर काय उरले असते? ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ एवढेच.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की ठरावीक तारखेस वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. म्हणजे पुढील पिढ्यांच्या माता कागदावर येतील. मागील पिढ्यांच्या माता आणण्याचे काम सरकार करणार नाही. ते आपले आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येक घराने एक पान भरून द्यावे. त्यावर आजीचे माहेरचे नाव, माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव, तिच्या हातचे एखादे काम, तिच्या तोंडची एखादी ओवी किंवा म्हण, आणि केवळ तिचाच म्हणून सांगता येईल असा एक प्रसंग असावा. ‘सोशिक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तिने काय सोसले ते विचारावे, आणि ती सांगेल तसेच लिहावे. उत्तर कुळास भूषणावह नसले तरीही. आणि हे लेखन नातवंडांकडून करवून घ्यावे. मुलांना आजी जे सांगणार नाही ते ती नातवंडांना सांगते, असा आमचा अनुभव आहे.

कोरी पाने सभागृहाच्या दाराशी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी आजी हयात आहे, त्यांनी दोन न्यावी. एका पानात तिचे पुरे होणार नाही.