दोन प्रश्नांची मर्यादा



१९२९ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ‘सीइंग आय’ ही अंधांना वाट दाखविणारी कुत्री देणारी संस्था उभी राहिली, त्या काळी तिचे अंध सहसंस्थापक मॉरिस फ्रँक यांच्या कुत्रीला आगगाडीत व हॉटेलांत मज्जाव होत असे. परंतु कुत्री कशासाठी बाळगली आहे, हे त्यांच्याकडे पाहताच कोणासही उमगत होते. आज मला ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्या मदतनीस कुत्रा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढीही सवलत नाही; अपस्मार, बालपणी जडलेला मधुमेह, किंवा रणांगणावरून परतून महाविद्यालयात नाव घातलेल्या सैनिकाच्या मनावरील आघात, ही दुखणी मुद्रेवर उमटत नाहीत.

मधुमेहाचेच घेऊ. रक्तातील साखर उतरलेली असताना रोग्याचा घाम किंवा लाळ कापसाच्या बोळ्यावर टिपून तो गोठवून ठेवतात, आणि तो वास ओळखून खूण देणाऱ्या कुत्र्याला खाऊ देत देत महिनोन्‌महिने शिकवतात. पुढे परीक्षेच्या दालनात बाकाखाली अंग मुडपून पडलेले ते लॅब्रॅडोर एकाएकी उठते, मधुमेही मुलीच्या गुडघ्याला नाकाने ढुशी देते, तिने लक्ष दिले नाही तर पंजा मांडीवर ठेवते. ती बोटाला सुई टोचून साखर पाहते, ग्लुकोजच्या गोळ्या चघळते आणि पुन्हा उत्तरपत्रिकेकडे वळते. सगळीच कुत्री सारखी अचूक नसतात, म्हणून सुई काही चुकत नाही.

परंतु या साह्याचे मोलही तिला द्यावे लागते. कुत्रा येण्यापूर्वी आपले दुखणे कोणास सांगावे हे तिच्या इच्छेवर होते. आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘तुला तर काहीच झालेले दिसत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे घेतो. हे ओळखूनच की काय, अपंगांसंबंधीच्या १९९० च्या अमेरिकन कायद्याखालील नियमांनी प्रयोजन उघड नसेल तेथे दोनच प्रश्नांची मुभा ठेवली आहे: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? दुखण्याचे नाव विचारता येत नाही, दाखला मागता येत नाही, कसब करून दाखविण्याची सक्तीही करता येत नाही. दुसऱ्याच्या आजाराची खोदून चौकशी करण्यालाच जिव्हाळा समजणाऱ्या आपल्या समाजाला हा संयम कोरडा वाटेल. मला तो फार मोठा शिष्टाचार वाटतो.

लबाड लोक बाजारातून मदतनीस कुत्र्याची झूल विकत आणून घरच्या पाळीव कुत्र्याला चढवितात, ही तक्रार खरी आहे, आणि त्यांच्यामुळे येणारा संशय ज्यांचे व्यंग दिसत नाही त्यांनाच अधिक भोवतो. निव्वळ सहवासाने धीर देणारे जनावर या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. वसतिगृहात ठेवण्यापुरता त्याचा विचार घरांविषयीच्या निराळ्या कायद्याखाली होतो. तरीही दाखल्यांची सक्ती करावी, हे मला मान्य नाही. अनावर झालेल्या कुत्र्याला, मग तो अस्सल का असेना, बाहेर काढण्याची तरतूद आहेच, आणि कागदापेक्षा कुत्र्याचे वर्तनच अधिक बोलते.

आपल्या भारतात अपंगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, तरी त्या यादीत मधुमेह नाही. उद्या अशी मुलगी कुत्र्यासह आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी आली, तर पहारेकरी तिला प्राचार्यांची चिठ्ठी मागेल, प्राचार्य शल्यचिकित्सकांचा दाखला मागतील, आणि तोवर पहिला तास संपलेला असेल.